आवाज बदलला की थांबायचं

पहिले दोन हात बरे गेले. तिसऱ्या हाताला आमच्या घोड्याच्या, बाळूच्या खांद्याची कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी, आणि तो एक पाऊल मागे सरला. मी "हो हो, राजा" म्हणत केस कापायचं मशीन पुन्हा टेकवलं. या वेळी त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चावला नाही, लाथ झाडली नाही, नुसतं पाहिलं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. यॉर्कशरमधली ओली दुपार, तबेल्याच्या पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. पाचव्या हाताला तो दोर ताणून भिंतीला जाऊन चिकटला. शेजारच्या खणातून कुणीतरी म्हणालं, "त्याला क्लिपिंग जमतच नाही. त्या बाबतीत वाईट आहे तो." मीही ते खरं मानलं. इतक्या सहज खरं मानलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाळूचं कागदावरचं नाव ब्लू. माझ्या मुलीसाठी आम्ही तो अर्ध्या वाटणीने घेतला, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस आमचे, बाकीचे मूळ मालकिणीचे. आमच्या घरात मराठी बोलतात, त्यामुळे पंधरा दिवसांत ब्लूचा बाळू झाला. जातीने कॉब: जाड हाडाचा, रुंद पाठीचा, पायांवर केसांचे झुपके, आणि रंगाने काळा-पांढरा अबलख. खांद्याशी उंची ५८ इंच. स्वभावाने इतका शांत की माझी मुलगी त्याच्या पोटाखालून वाकून पलीकडे जायची, आणि मी ओरडायचे ते तिच्यावर. असा घोडा एका यंत्रापुढे भिंतीला चिकटतो, तेव्हा गडबड घोड्यात नसून यंत्रात असावी, हे खरं तर तिथेच सुचायला हवं होतं.

थंडी तोंडावर आली असताना जनावराच्या अंगावरचे केस काढायचे, हे आपल्याकडच्या माणसाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. पण घोड्याच्या अंगावर हिवाळ्याची लव येते ती थंडी वाजायला लागल्यावर नव्हे, दिवस लहान होऊ लागल्यावर. जूनअखेर दिवस कलला की त्याच्या शरीराला ते कळतं, आणि सप्टेंबरात आपण अजून अर्ध्या बाह्यांत फिरत असतो तेव्हा त्याची लव दाट व्हायला लागलेली असते. डिसेंबरात इथे उजेड जेमतेम साडेसात तास असतो. त्याच दिवसांत कोल्हापुरात तो अकरा तास असतो. माथेरानला ज्यांनी तट्टावर बसून फेरी मारली असेल, त्यांना बाळूची डिसेंबरातली लव पाहून हे वेगळंच जनावर वाटेल.

नुसता माळावर चरणारा घोडा असेल तर त्या लवेला हातही लावू नये. देवाने दिलेली गोधडी आहे ती. अडचण होते ती काम करणाऱ्या घोड्याची. घोडा आपल्यासारखाच घामाने अंग थंड करतो. त्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं, ते साबणासारखं काम करतं आणि तेलकट केसांतून घाम बाहेरपर्यंत पसरवतं. दौडून आलेल्या घोड्याच्या मानेवर पांढरा फेस दिसतो, तो त्याचाच. उन्हाळ्यात ही सोय उत्तम. पण दाट लवेत तो घाम अडकून बसतो, दोन-दोन तास वाळत नाही, आणि भिजलेल्या लवेत हवा राहत नाही, म्हणजे ऊबही राहत नाही. अर्ध्या तासाच्या दौडीनंतर बाळू संध्याकाळी थंडीत ओलाचिंब उभा असायचा आणि मी टॉवेल घेऊन त्याला पुसत असायचे. म्हणून केस काढायचे आणि वर रग घालायचा. रग म्हणजे आपली झूलच, पण मिरवायची नव्हे, ऊब देणारी.

त्यातलं दुसरं अर्धं विसरलं की काय होतं, त्याची एक फार दुःखद हकीकत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, खरूज पसरू नये म्हणून ब्रिटिश लष्कराने फ्रान्समधले आपले घोडे भादरून घेतले. पुढे एप्रिल १९१७ मध्ये आरासची लढाई सुरू झाली ती बर्फात आणि गारठ्यात. अंगावर लव नाही, पोटाला पुरेशी चंदी नाही, आणि चिखलातून तोफा ओढायच्या. त्या वसंतात घोडे गोळ्यांनी मेले त्याहून थंडीने आणि थकव्याने मेले ते मनाला जास्त लागतं. तबेल्यात मशीन हातात घेण्याआधी मी रग बाहेर काढून दाराशी ठेवते, ते हे वाचल्यापासून.

आपल्याकडे या कामाला नेमका शब्द आहे: भादरणं. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीच्या पाडव्याच्या आधी म्हशी भादरायचे. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती पाण्यात डुंबते; तिचे केस काढायचे ते गारव्यासाठी, गोचिडांसाठी, आणि खरं सांगायचं तर देखणेपणासाठी. आबा म्हशीला विहिरीच्या थारोळ्यापाशी उभी करायचे, बादल्यांवर बादल्या ओतून साबण लावायचे, आणि मग वस्तऱ्याने पाठीवरून लांब हात ओढायचे. केसांचा ओला थर खाली पडायचा आणि मागे काळीभोर, चकचकीत कातडी. त्यावर तेल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांच्या माळा. पाडव्याला ती म्हैस गल्लीतून निघाली की आम्ही पोरं मागे धावायचो. यॉर्कशरमध्ये घोडा भादरायचा दिवस नेमका त्याच सुमाराला येतो. त्या ओल्या दुपारी माझ्या डोक्यात तेच चित्र होतं: जनावर ओलं असलं तरी चालतं, उलट बरंच.

तिथेच चुकलं. बाळू माळावरून भिजून आला होता. मी चिखल ब्रशने झाडला, पाठ टॉवेलने पुसली आणि मशीन लावलं. मशीन सेकंडहँड घेतलेलं, पाती त्याच्याबरोबर आलेली, तेलाची बाटली डब्यात होती ती डब्यातच राहिली. पाच हातांत डाव्या खांद्यावर उंदराने कुरतडल्यासारखे पट्टे पडले आणि मी थांबले. चार दिवस बाळू तसाच फिरत होता, अर्ध्या खांद्याने. लोक त्याला बघून हसायचे आणि मला घशात दाटून यायचं.

चौथ्या दिवशी तबेल्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी उभी हयात शिकारीच्या घोड्यांच्या पागांमध्ये मोतद्दार म्हणून काढली. आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, तरी रोज सकाळी तबेल्यात येऊन कुणाच्या तरी घोड्याला खरारा करतात. त्यांनी बाळूकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मशीन चालू कर बघू."

मी चालू केलं. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"बंद कर. कण्हतंय ते. घोड्याचं नंतर बघू."

त्यांनी खिडकीखाली वर्तमानपत्र पसरलं, नट सोडला आणि दोन्ही पाती अलग केली. मधून राखाडी लगदा निघाला, कणकेसारखा: केस, चिखल, कोंडा, अंगाचं मेण, सगळं एकजीव झालेलं. खालच्या पात्याच्या दातांच्या मुळाशी गंज होता. त्यांनी ती दोन पाती माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटाने दाखवायला लागल्या. ती दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

खालचं पातं हलत नाही. त्याचे दाते लांब, कंगव्यासारखे, आणि ते कामही कंगव्याचंच करतं: केस उचलतं, सरळ उभे करतं, आणि कातडीला धारेपासून दूर ठेवतं. वरचं पातं आखूड दातांचं, ते खालच्यावरून डावीउजवीकडे घासत जातं, मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास वेळा. म्हणजे हा वस्तरा नव्हेच. ही कातर आहे, एका वेळी वीस-तीस तोंडांची. आणि कातरीचं एक दुखणं आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तिचा खिळा ढिला झाला की कापड कापलं जात नाही, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकतं. केसाचंही तेच होतं. पाती एकमेकांना नीट टेकलेली नसली, किंवा त्यांच्यात लगदा भरून फट पडली असली, की केस त्या फटीत शिरतो, वाकतो, आणि कापला जायच्या ऐवजी मुळापासून ओढला जातो.

हे ऐकत असताना माझा हात आपोआप मानेवर गेला. लहानपणी माझा बॉयकट असायचा. गावच्या चौकातल्या सलूनमध्ये खुर्चीवर फळी टाकून मला बसवायचे आणि हातातलं मशीन मानेवरून वर चढायचं, चक चक चक करत. मध्येच ते केस पकडायचं. डोळ्यांतून टचकन पाणी यायचं. मी मान आखडली की डोक्यावर बोटांनी दाब पडायचा, "हलू नको पोरी, लागंल." मी हलत होते ते लागत होतं म्हणूनच. सहा वर्षांच्या मला हे सांगता आलं नव्हतं, आणि बाळूने ते मान वळवून मला सांगितलं होतं तर मी त्याला "हो हो, राजा" म्हणत होते.

घोड्याच्या कातडीला माशीचे पाय कळतात. कातडीच्या खाली त्याला एक पातळ स्नायू असतो, नुसती कातडी हलवणारा. एवढ्या नाजूक अंगावर एका वेळी शंभर केस उपटले जात असतील तर काय होत असेल, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मानेवरून ओळखलं.

बाईंनी पाती जुन्या टूथब्रशने घासली, कोरडी पुसली, त्यांच्या डब्यातल्या तेलाचे थेंब टाकले आणि पुन्हा चढवली. मग ताण. नट पिळायचा, बोटांना पहिला विरोध लागेपर्यंतच, आणि तिथून त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तितकं मागे यायचं. त्यांच्या स्वतःच्या मशीनला दीड फेरा मागे. कापताना केस सुटू लागले तर पाव फेरा आवळायचा, जास्त नाही. पाव-पाव करत दोनतीनदा आवळूनही कापेना, तर पाती बोथट झालीत किंवा मळलीत असं समजून थांबायचं. ढिलाईने केस ओढले जातात हे मला कळलं होतं. जास्त आवळण्यातही तेवढाच घात आहे हे नवीन होतं. आवळलेली पाती एकमेकांना खातात, तापतात, धार तासाभरात जाते, आणि मोटर दमते. माणसाचा पहिला हात नेहमी आवळण्याकडेच जातो. कापत नाही? आवळ अजून. मी तेच केलं होतं.

त्यांचं मशीन जड होतं, हिरवं, कडा झिजलेल्या, आणि त्यावर नाव होतं लिस्टर. मी चमकलेच. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावात १८६७ साली सुरू झालेला हा कारखाना. त्यांनी मेंढ्या कातरायची यंत्रं केली, घोड्यांची केली, आणि १९२९ पासून ते संथ चालीचं डिझेल इंजिनही केलं, ज्याच्या नकला नंतर राजकोटात घडल्या आणि आपल्या विहिरी-मोटांपर्यंत पोचल्या. आबांच्या गुऱ्हाळावर तसलंच इंजिन होतं. टुक, टुक, टुक. चरकात मोळी जरा जास्त गेली की तो ठोका जड व्हायचा. आबा काहिलीपाशी बसलेले असायचे, इंजिनाकडे पाठ करून, तिथूनच ओरडायचे, "हात आखड रं!" मला वाटायचं, त्यांना पाठीला डोळे आहेत. बाई डोळे मिटून माझं मशीन ऐकत होत्या तेव्हा मला आबांची पाठ दिसली.

(जुन्या काळी तर एकाने हाताने चाक फिरवायचं आणि लवचीक दांड्याच्या टोकाचं पातं दुसऱ्याने घोड्यावर चालवायचं. अमेरिकेत शिकागोला १८९७ साली असल्या यंत्रांचा कारखाना निघाला. पुढे त्याचाच सनबीम झाला, मिक्सर आणि इस्त्र्यांचा. घोड्याच्या मशीनपासून मिक्सरपर्यंतचा हा प्रवास मला फार आवडतो.)

"आता घोडा," बाई म्हणाल्या. त्यांनी बाळूच्या पुठ्ठ्यावर बोटांची टोकं उलट्या लवेने घासली आणि माझ्यासमोर धरली. नखांत राखाडी मेण. "हे पात्याला वाळूसारखं आहे. हे असेपर्यंत जगातलं कुठलंही मशीन गुळगुळीत कापणार नाही."

शुक्रवारी ऊन पडलं. मी आणि लेकीने बादल्यांनी गरम पाणी नेऊन बाळूला शॅम्पूने आंघोळ घातली. तीनदा पाणी बदललं, तिसऱ्यांदा ते जवळजवळ स्वच्छ निथळलं. मग घाम टिपणारा रग घालून त्याला आत ठेवला. रविवारी सकाळी खरारा केला, रबरी खराऱ्याने गोल गोल, हात दुखेपर्यंत, कारण सुट्टा कोंडा आंघोळीनंतरच वर येतो. मग मऊ ब्रश. लव हाताला कोरडी, सुटी आणि रेशमासारखी लागली. बोटांची टोकं घासून पाहिली. काही नाही.

ट्रेस क्लिप करायचं ठरलं होतं. जुन्या बग्गीच्या घोड्याच्या दोन्ही कुशींवरून ओढपट्टे मागे जायचे, त्या पट्ट्यांच्या रेषेखालचे केस काढायचे, वरचे ठेवायचे. घाम जिथे जास्त येतो ती गळ्याखालची बाजू, छाती, पोट उघडं होतं. पाठ, कंबर आणि पाय झाकलेले राहतात. खडूने दोन्ही बाजूंना रेघा मारल्या. सुतळीने मोजून घेतल्या, कारण डोळा फसतो आणि पुढून पाहिलं की एक बाजू वर, एक खाली दिसते.

मशीन आधी दाराबाहेर चालू केलं. बाळूने कान टवकारले. मी जवळ गेले, माझा डावा तळवा त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्या तळव्याच्या पाठीवर मशीनचं नुसतं धूड टेकवलं, पाती हवेत. माझ्या हातातून थरथर त्याच्या अंगात जात होती. मिनिटभर तसंच. त्याने एकदा खोल श्वास सोडला. मग पातं कातडीला सपाट ठेवून, उलट्या लवेने, पहिला लांब हात.

आवाज वेगळाच होता. आधीच्या दिवशीची ती घरघर नव्हती. मलमलीचं कापड चांगल्या कातरीने न थांबता सरळ कापत नेलं की येतो तसा. केसांची लांब पट्टी पात्यावरून वळत वळत खाली पडली. बाळू जाळीतलं गवत ओढत राहिला.

मी दाबत होते, हे बाईंच्या लक्षात आलं. "ढकलू नको. त्याच्याच वजनाने जाऊ दे." घाईने ढकललं की केस पुरते कंगव्यात यायच्या आधीच पातं पुढे निघून जातं आणि मागे रेघा राहतात. इथे त्यांना ट्रॅमलाइन म्हणतात, ट्रामच्या रुळांसारख्या दिसतात म्हणून. पातं जरा तिरकं झालं, दोन हात एकमेकांवर थोडे चढले नाहीत, किंवा मधून केस मळलेला असला, तरी त्या पडतात. त्यावर उपाय म्हणजे त्याच जागेवरून आडवातिडवा, फुलीसारखा हलका हात फिरवायचा. राहिलेल्या बारीक रेघा आठवड्याभरात लव सारखी झाली की बुजतात.

आणि मग भोवरे. घोड्याची लव सगळीकडे एका दिशेने नसते. छातीवर, कुशीत, कपाळावर ती गोल फिरते. उलट्या लवेने कापायचं म्हटलं की भोवऱ्यापाशी प्रत्येक बोटभर अंतरावर मशीनची दिशा बदलावी लागते, जणू काही कणगीत हात घालून तळाशी फिरवावा तशी. आपल्याकडे घोडा घेताना भोवरे आधी बघतात. सारंगखेड्याच्या बाजारात, दत्तजयंतीला, तापीच्या काठावर जाणती माणसं घोड्याच्या गळ्यावरून हात फिरवून देवमण आहे का पाहतात. तो भोवरा असला की घोडा शुभ, आणि भाव वर. शुभाशुभाचं मी काही म्हणत नाही. पण घोड्याच्या अंगावरचा एकेक भोवरा बोटांनी ओळखणारी ती माणसं बाळूपाशी उभी असती, तर माझी छातीची जागा दोनदा चुकली नसती. आता मी मशीन लावायच्या आधी डोळे मिटून त्याच्या सगळ्या अंगावरून हात फिरवते आणि लव कुठे वळते ते लक्षात ठेवते.

सगळ्यात कठीण जागा कोपराच्या मागची. तिथे कातडी सैल, चुण्या पडलेली, पातळ. चुणी खालच्या पात्याच्या दातांमध्ये शिरली की रक्तच येतं. लेकीने बाळूचा पुढचा पाय उचलून पुढे ताणला, मी डाव्या हाताच्या तळव्याने कातडी वर ओढून धरली. चुण्या निघाल्या, कातडी ढोलाच्या पानासारखी सपाट झाली. तेवढ्यात अर्ध्या हाताने काम. पाय खाली. पुन्हा वर. तळहाताएवढ्या त्या जागेला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. त्याच्या काखेतली ऊब माझ्या मनगटाला लागत होती आणि आत, कातडीच्या खाली, काळीज हळूहळू चाललेलं जाणवत होतं. घाबरलेल्या घोड्याचं तसं चालत नाही.

दर काही मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. मला चटका बसला तर त्यालाही बसणार. गरम वाटलं की बंद, ब्रशने केस झाडायचे, दातांवर आणि दोन्ही कडांना तेलाचे थेंब, मशीन तिरपं करून काही क्षण चालवायचं, जास्तीचं तेल पुसायचं. मागच्या बाजूची हवेची जाळी केसांनी बुजली की मोटर गुदमरते, तीही झाडायची. घरातलं शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, गंज सोडवायचा फवारा, असलं काही नाही. या कामाचं पातळ तेल स्वस्त असतं आणि एक बाटली अख्खा हिवाळा पुरते.

दोन तासांनी बाळूच्या कडेला उभी राहिले तेव्हा एक गोष्ट दिसली, जी मला कुणी सांगितली नव्हती. अबलख घोड्याच्या पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते आणि काळ्यांखाली पाटीसारखी काळी. दोन रंग भेटतात तिथे काळ्या कातडीवर थोडे पांढरे केस येतात आणि ती कड निळसर दिसते, आभाळाच्या कडेसारखी. ब्लू हे नाव त्याला कुणी का दिलं असेल, ते तेव्हा कळलं असं वाटलं. त्याच्या कागदपत्रांत तसं काही लिहिलेलं नाही.

धारेचीही एक हकीकत सांगायला हवी. पाती जोडीनेच घासायची असतात, जोडी मोडायची नसते, कारण ती एकमेकांवर बसलेली असतात. पहिल्या हिवाळ्यानंतर मी ती एका ठिकाणी धार लावायला दिली. परत आली ती चकाकत होती, पण दातांच्या टोकांना निळी झाक. बाईंनी एक नजर टाकली आणि बाजूला ठेवली. घाईघाईने घासून तापवली होती, पोलादाचं पाणी उतरलं होतं. धार दिसत होती, टिकणार नव्हती. वीस मिनिटांत बोथट झाली. मी तक्रार केली, पैसे परत मिळाले नाहीत. पैशांपेक्षा मला याचा राग येतो की असली पाती कुणीतरी विश्वासाने आपल्या घोड्याला लावली असतील आणि घोडा हलला म्हणून घोड्यालाच बोलले असतील. आता मी पाती दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे टपालाने पाठवते, तेलकट कागदात गुंडाळून, दोन्ही एकत्र सुतळीने बांधून. तो प्रत्येक जोडी लोकरीच्या तुकड्यावर चालवून बघतो आणि मगच परत पाठवतो.

पाडव्याला भावाचा फोन आला होता. मी त्याला हे सगळं सांगत बसले, ताण, तेल, कोपराच्या चुण्या. तो म्हणाला, "ताई, आता आमच्याकडं बी मशीननंच भादरत्यात की. पण एका म्हशीनं गेल्या साली लई नाचवलं. परत हात लावू दिना." मी विचारलं, पात्याला तेल घालता का? पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाला, "बघतो." दोन दिवसांनी त्याने फोटो पाठवला. वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेली दोन पाती, आणि शेजारी तोच राखाडी लगदा.

वर्षातलं शेवटचं भादरणं आम्ही जानेवारीअखेर करतो. त्यानंतर दिवस वाढू लागलेले असतात आणि उन्हाळ्याची नवी लव खालून यायला लागते, ती कापली तर पुढे अंग विस्कटलेलं दिसतं. या वर्षी मशीन लेकीच्या हातात दिलं. ती चौदा वर्षांची आहे. मी पाय धरायला. बाळूचा खालचा ओठ लोंबत होता, डोळे अर्धे मिटलेले, एक मागचा पाय टेकवून तो उभा होता. छातीचा भोवरा तिने एकदाही मान वर न करता पार केला. मी मनात भाजीचा विचार करत होते, खरं सांगते, माझं लक्ष नव्हतं.

"आई, थांब," ती म्हणाली आणि तिने मशीन बंद केलं.

"काय झालं?"

"आवाज बदलला."

मला काही ऐकू आलं नव्हतं. तिने पाती मनगटाला लावली, ब्रशने झाडली, बाटलीतून तेलाचे थेंब टाकले, मशीन तिरपं धरून चालवलं आणि कान लावून ऐकलं. बाळूने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि जाळीतलं गवत ओढलं. मी पाय पुन्हा उचलून पुढे ताणला.